पावलॉव्हचा कुत्रा आणि वस्तीवरचा कुत्रा

अध्यापक पदविकेच्या परीक्षेला हमखास येणाऱ्या प्रश्नांत 'पावलॉव्हचा प्रयोग सविस्तर लिहून त्याचे शैक्षणिक उपयोग सांगा' हा एक आहे. पूर्वीच्या डी.एड.ला तो होता, आताच्या डी.एल.एड.ला आहे, आणि बी.एड.लाही तो चुकत नाही. उत्तरही ठरलेले असते. घंटा, अन्न, लाळ. मग नुसती घंटा आणि लाळ. शेजारी आकृती: पट्ट्यांत अडकवलेला कुत्रा, गालाला लावलेली नळी, पुढे वाडगे. त्यानंतर उपयोगांचे पाच-सहा मुद्दे. चांगल्या सवयी लावता येतात, शाळेची गोडी लावता येते, आणि बहुधा शेवटी, 'मुलांच्या मनातील भीती दूर करता येते'.

ती कशी दूर करता येते, हे मात्र कोठेही सांगितलेले नसते. हाती लागतील तेवढ्या मार्गदर्शिका आम्ही या एका वाक्यासाठी चाळून पाहिल्या. सर्वांत हे वाक्य आहे, एकीतही त्याचे स्पष्टीकरण नाही. आमची तक्रार एवढीच असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते; परीक्षेच्या पुस्तकांत अशी अनाथ वाक्ये पुष्कळ असतात. परंतु हे वाक्य ज्या प्राण्याच्या जिवावर उभे आहे, तो प्राणी धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या वाटेवर बसलेला आहे. वस्तीवरून गावातल्या शाळेत चालत येणाऱ्या मुलाला वाटेत दोन-तीन कुत्री लागतातच. त्यांतले एखादे साखळीला हिसके देत अंगावर येते. त्या कुत्र्याविषयी त्याच्या गुरुजींना काही सांगता येते का? पदविकेचा अभ्यास त्यांनी कुत्र्यावरच केलेला आहे, हे लक्षात घेता प्रश्न अगदीच अवाजवी नाही.

म्हणून मूळ ग्रंथाकडे जाऊ. इव्हान पावलॉव्ह (१८४९–१९३६) यांना १९०४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. अभिसंधानाचे काम त्यानंतरचे मुख्य काम. त्यांची व्याख्याने अँन्रेप यांच्या इंग्रजी भाषांतरात १९२७ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केली. शंभर वर्षे होत आली, तरी हा ग्रंथ आजही वाचनीय आहे. त्यात घंटेपेक्षा मेट्रोनोम, गुंजक, दिवे, त्वचेला केलेला स्पर्श यांचाच वावर अधिक. पण घंटा होती की मेट्रोनोम हा वाद गौण आहे. आमच्या मार्गदर्शिकांनी खरे गमावले आहे ते दुसरेच. पावलॉव्हच्या ग्रंथात 'कुत्रा' नावाचे यंत्र नाही. तेथे अनेक कुत्री आहेत, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे, आणि त्यांतली काही घाबरट आहेत.

पहिल्याच व्याख्यानात एक कुत्रा येतो. स्वभावाने गरीब, माणसांशी मित्रत्वाने वागणारा, पण प्रयोगाच्या घोडीवर पट्ट्यांत अडकवले की तळमळणारा. त्याची लाळ सारखी गळत राही, त्यामुळे प्रयोग होईना. पावलॉव्ह यांनी याला 'स्वातंत्र्याचा प्रतिक्षेप' असे नाव दिले आणि उपाय केला: यापुढे त्याला अन्न फक्त घोडीवरच द्यायचे. सुरुवातीला तो जेवेना, वजन घटले. मग हळूहळू सारे अन्न तेथे खाऊ लागला आणि शांत झाला. प्रयोगशाळेच्या दृष्टीने प्रश्न सुटला. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्यापुढे उपाशी राहणे किंवा मुकाट उभे राहणे एवढेच पर्याय होते.

दुसरा कुत्रा अधिक प्रसिद्ध व्हायला हवा होता. शेंगर-क्रेस्तोवनिकोवा या संशोधिकेने त्याला वर्तुळ दिसले की अन्न, लंबवर्तुळ दिसले की काही नाही, असे शिकवले. मग लंबवर्तुळ थोडे थोडे गोल करत नेले. अक्षांचे प्रमाण ९:८ पर्यंत आले तेव्हा कुत्र्याला फरक ओळखणे कठीण झाले. तीन आठवडे प्रयत्न चालू ठेवल्यावर सुधारणा तर झाली नाहीच, उलट आधी येत असलेलेही गेले. एरवी शांत उभा राहणारा तो कुत्रा केकाटू लागला, दातांनी उपकरणे ओढू लागला, नळ्या तोडू लागला, प्रयोगाच्या खोलीकडे नेताना जोरजोराने भुंकू लागला. पावलॉव्ह यांनी या अवस्थेची गणना मज्जाविकृतीत केली. ज्या वर्गात चुकीच्या उत्तराला छडी आणि बरोबर उत्तराला शाबासकी आहे, पण दोहोंतला फरक मुलाला कळतच नाही, त्या वर्गातल्या शिक्षकाला याहून बोलके उदाहरण कोठे मिळेल? मार्गदर्शिकांच्या 'शैक्षणिक उपयोगां'त ते आम्हांला आढळले नाही.

तिसरी हकीकत पुराची. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला. कुत्र्यांच्या घरांत पाणी शिरले आणि त्यांना पोहवत मुख्य इमारतीत आणावे लागले. पाणी ओसरल्यावर काही कुत्री पूर्ववत झाली, काहींचे आधी पक्के झालेले प्रतिसाद नाहीसे झाले. अशा एका कुत्र्याच्या बाबतीत दिसले, की प्रयोगकर्ता त्याच खोलीत त्याच्याजवळ थांबला तर प्रतिसाद परत येतात. तो बाहेर गेला की जातात. पुढे हा कुत्रा सावरल्यावर दाराखालून खोलीत थोडे पाणी सोडून पाहण्यात आले. पाणी जमिनीवर पसरताच कुत्रा धडपडत उठला, धापा टाकू लागला, घोडीवरून उतरायला पाहू लागला, आणि पुढचे अन्न त्याने घेतले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप लोहारा-उमरगा भागात ज्यांनी अनुभवला, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सास्तूर परिसरात त्यानंतर पक्क्या छताखाली झोपायला धजत नसलेली माणसे होती. छत स्वतः निरुपद्रवी असते, दाराखालून आलेले पाणीही. त्यांनी काय आठवते हा प्रश्न असतो.

आणखी एक गोष्ट. अभिसंधानाचे उदाहरण द्यायला आपल्याला रशियाला जायची मुळीच गरज नव्हती. गावातल्या रस्त्यावर कुत्रा बसला आहे. माणूस नुसता खाली वाकला, तरी कुत्रा उठून पळतो. हातात दगड नाही, कदाचित रस्त्यावर दगडही नाही. वाकणे ही हालचाल दगडाच्या आधी इतक्या वेळा आली आहे की तीच पुरेशी झाली. 'हाड' या शब्दाचेही तसेच. चपलेचा बंद लावायला वाकलेला माणूस आणि दगड उचलणारा माणूस यांत कुत्रा फरक करत नाही, हे सामान्यीकरण. जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाने हा प्रयोग पाहिलेला आहे, बहुतेकांनी केलेलाही आहे. अध्ययनाच्या सिद्धांतांवरील प्रकरणात तो नाही, घंटा मात्र आहे. याच अणदूर-नळदुर्गच्या परिसरात खंडोबाची यात्रा भरते, वाघ्या देवाचा कुत्रा म्हणून भुंकतो आणि आपण त्याला कोटंबात भीक घालतो, हा विरोधाभास समाजशास्त्रज्ञांनी पाहावा. आमचा विषय मर्यादित आहे.

आता भीती दूर करण्याच्या त्या अनाथ वाक्याकडे येऊ. मार्गदर्शिकांत बहुधा वॉटसन आणि रेनर यांचा १९२० सालचा प्रयोग थोडक्यात दिलेला असतो. अकरा महिन्यांच्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच वेळी मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. मूल उंदराला भिऊ लागते, मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही. ही भीती त्यांनी घालवली नाही. प्रकरण येथे संपते, म्हणजे आपले शिक्षक भीती निर्माण करण्याची कृती शिकून बाहेर पडतात! पुढचे पान १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी लिहिले. पीटर नावाचा दोन वर्षे दहा महिन्यांचा मुलगा सशाला भीत असे. त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचे खाणे द्यायचे आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा, पण इतक्याच अंतरावर की त्याचे खाणे थांबणार नाही. सुरुवात सुमारे बारा फुटांवरून झाली. पुढे चार फूट, तीन फूट, मग शेजारी, मग पिंजऱ्याबाहेर. अखेरीस पीटर सशाला बोटे कुरतडू देऊ लागला. सशाला न भिणारी दुसरी मुलेही मधूनमधून त्याच्यासोबत असत, त्यामुळे श्रेय निव्वळ खाण्याचे असे म्हणता येत नाही. तरी मुख्य सूत्र स्पष्ट आहे. मध्येच पीटर आजारी पडून रुग्णालयात गेला. तेथून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या व परिचारिकेच्या अंगावर झेपावला आणि सारी प्रगती मागे गेली. पुन्हा दूरच्या अंतरापासून सुरुवात करावी लागली. ती करता आली, हे महत्त्वाचे.

येथे आमचा मूळ ग्रंथावरचाच आक्षेप सांगितला पाहिजे. पावलॉव्ह यांनी उद्दीपकाची तीव्रता मोजली, वेळ सेकंदांत मोजला, लाळेचे थेंब मोजले. पण कुत्र्याला घोडीवर बांधल्यामुळे अंतर हे चल राशी म्हणून त्यांच्या हातून निसटले. भ्यालेल्या प्राण्याच्या हाती पहिले साधन असते ते अंतर वाढवणे. तेच काढून घेतल्यावर उरते गोठून उभे राहणे किंवा चावणे. त्यांच्या प्रयोगशाळेत येरोफेयेवा यांनी विजेचा झटका अन्नाची खूण म्हणून वापरला आणि कुत्रा झटका बसताच प्रतिकार न करता शेपूट हलवत लाळ गाळू लागला. पाहायला आलेल्या शेरिंग्टन यांना हुतात्म्यांची मनःस्थिती आठवली म्हणतात. पण झटक्याची जागा त्वचेवर पुढे पुढे सरकवत नेल्यावर एके दिवशी सारे एकदम कोसळले आणि मूळचा प्रतिकार दुप्पट जोराने परतला. भीतीवर अन्न मात करते. पण मात्रा प्राण्याच्या कुवतीबाहेर गेली की करत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात होत्या. त्यांचा उपयोग करायला जोन्स यांचा बारा फुटांचा विचार लागला.

वस्तीवरच्या कुत्र्याला हेच लागू होते. असा कुत्रा दिवसभर साखळीला असतो. अनोळखी माणूस, सायकलवरचे मूल, शेजारच्या वस्तीवरचे कुत्रे दिसले की तो आकांत करतो. घरचे त्याला 'तामसी' म्हणतात. पुष्कळदा तो भ्यालेला असतो. कान मागे, अंग ताठ, शेपूट खाली, ओठ चाटणे, कारण नसता जांभई, तोंड वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणे या खुणा भुंकण्याच्या कितीतरी आधी दिसतात. भुंकले की माणूस निघून जातो, एवढे त्याला अनुभवाने कळलेले असते. आता मालकाने करायचे ते असे. ओळखीच्या एका माणसाला बांधाच्या पलीकडे, कुत्र्याला दिसेल पण तो शांतपणे खात राहील इतक्या लांब उभे करावे. तीस पावले लागोत की शंभर, अंतर कुत्रा ठरवणार. माणूस दिसला की मालकाने लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा तत्सम आवडत्या खाण्याचा लहानसा तुकडा टाकावा. माणूस आड झाला की खाणे बंद. आधी माणूस, मग तुकडा, हा क्रम बदलू नये. उलटे केले, म्हणजे आधी खाऊ दाखवला आणि मग माणूस आला, तर अंडे हीच धोक्याची सूचना होऊन बसते. एका वेळी चार-पाच मिनिटे पुरेत. काही दिवसांनी माणूस दिसताच कुत्रा भुंकण्याऐवजी मालकाकडे वळून पाहू लागला, तर प्रतिसाद बदलला असे समजून दोन-चार पावले जवळ यावे. तुकडा सोडून दिला किंवा झडप घालून घेऊ लागला, तर आपण फार पुढे आलो, मागे जावे. दुसऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत समोरासमोर आणण्याऐवजी दोघांनी आपापली कुत्री लांब अंतर राखून एकाच दिशेला चालवणे सोपे जाते. हे काम आठवड्यांचे, कधी महिन्यांचे असते. काही कुत्री अनोळखी माणसाशी कधीच मैत्री करत नाहीत, फक्त त्याला जाऊ देतात. तेवढे पुरे.

येथे शिक्षक हमखास एक शंका काढतात, आणि ती चांगली आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला खाऊ दिला तर गुरगुरण्याला बक्षीस मिळून ते वाढणार नाही का? शंका स्किनरच्या प्रकरणातून आलेली आहे. आमच्या पुस्तकांत पावलॉव्ह एका प्रकरणात आणि स्किनर दुसऱ्यात कोंडलेले असल्यामुळे, एकाच प्राण्यात दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालतात हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. भीती ही कृती नव्हे, ती अवस्था आहे. अंधाराला भिऊन रडणाऱ्या मुलाला जवळ घेतले म्हणून त्याला अंधाराची भीती अधिक वाटू लागत नाही. अवस्था बदलली की तिच्यातून येणारे गुरगुरणे कमी होते. शिवाय कुत्रा गुरगुरण्याइतका अस्वस्थ झाला असेल तर अंतर चुकलेले आहे, आणि दुरुस्त करायचे ते अंतर. उलट गुरगुरल्याबद्दल काठी मारली तर गुरगुरणे थांबेल, भीती राहील. आणि मग तो कुत्रा सूचना न देता चावेल. काठी आणि पाहुणा एकत्र आले, हा धडा तर त्याला मिळालाच.

'सवय होईल' म्हणून घाबरट कुत्र्याला आठवडी बाजारात नेऊन बांधणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. येरोफेयेवांचा शेवटचा दिवस आठवावा. तेथे कुत्रा गप्प बसतो ते पुष्कळदा गोठल्यामुळे. तिसरा उपाय शहरातून आला आहे: कुत्र्याला उताणा पाडून 'आपण कळपाचे म्होरके' असे दाखवणे. याचे मूळ १९४७ साली शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांत आहे. ही कल्पना लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ साली लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुतांशी आईबाप आणि त्यांची पिले; म्होरकेपणाची झुंज तेथे नसते. त्यांचा जुना ग्रंथ आता छापलाही जात नाही. यावर अधिक लिहावे असे वाटत नाही.

भित्रेपणा मुळात कोठून येतो? फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिले माणसांपासून दूर, कुंपणाआड वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत आठवडाभर माणसांत आणली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न पाहिलेली पिले पुढे माणसाळणे अवघड गेले. स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ या दृष्टीने निर्णायक ठरवला. आपल्याकडची पिले याच काळात काय पाहतात? कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्र यांच्या गटाने ९५ वेतांतील ३६४ पिलांची नोंद ठेवली. प्रजननाच्या वयापर्यंत त्यांतली अवघी १९ टक्के जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंत माणसाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात होता. जगलेल्यांनी माणसाविषयी काय शिकावे अशी आपली अपेक्षा आहे? तरीही याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात रस्त्यावरच्या कुत्र्यांनी अनोळखी माणसावर विश्वास टाकला तो पुन्हा पुन्हा मिळालेल्या खाऊपेक्षा पुन्हा पुन्हा कुरवाळल्यामुळे अधिक. पुरानंतरच्या त्या कुत्र्याजवळ थांबलेला प्रयोगकर्ता येथे आठवतो.

मात्र वरची कृती मालक असलेल्या, लस टोचलेल्या कुत्र्यासाठी आहे, आणि ती मोठ्या माणसाने करायची आहे. विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून ती करून घेऊ नये. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे उत्साही शिक्षकांची वाण नाही. शाळेच्या खिचडीच्या वासाने येणाऱ्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचा व आवारांना कुंपण घालण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात विद्यार्थ्यांना प्राण्यांच्या सान्निध्यात कसे वागावे हे सांगण्याची जबाबदारीही शाळांवर टाकली आहे. या दुसऱ्या भागासाठी शिक्षकाकडे साहित्य काय आहे? परिपत्रक वाचून दाखवणे, एवढेच. खरे तर पदविकेच्या त्या प्रकरणात दोन पाने वाढवली तर काम भागेल. त्यात पळू नये, टक लावून पाहू नये, खात असलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्रीकडे जाऊ नये, अंगावर आल्यास हात जवळ घेऊन स्तब्ध उभे राहावे आणि मग हळूहळू मागे सरावे, हे कारणांसह यावे. कारणे याच प्रकरणातली आहेत. दगड न मारण्याचे कारणही तेच: दगड मारणारे मूल निघून जाते, आणि त्याच गणवेशातले दुसरे मूल मागून येते.

आणि एक ओळ ठळक टाइपात हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, आणि पुष्कळदा मार बसेल म्हणून ती घरी सांगत नाहीत. जखम लहान असो वा नुसता ओरखडा असो, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी, जखम खोल असेल तर सीरमविषयी विचारावे. हे सांगायला आलेल्या मुलाला आधी रागावू नये.